व्याख्यानाआधीचा अर्धा तास

विदर्भातल्या तीन विद्यापीठांची नावे एकापाठोपाठ वाचून पाहावीत. नागपूरचे विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे, अमरावतीचे संत गाडगे बाबांच्या नावाचे आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे. पंजाबराव हे एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने काढला. बाकीच्या दोघांचा विद्यापीठाशी विद्यार्थी म्हणून कधीच संबंध आला नाही. तुकडोजी महाराजांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले आणि गाडगे बाबांना शाळा ठाऊकच नव्हती. तरी २००५ साली दोन विद्यापीठांनी या दोघांची नावे धारण केली. हजारोंच्या समुदायापुढे उभे राहून माणसांना त्यांच्याच जगण्याचा विचार करायला लावायचे, हे काम या दोघांनी हयातभर केले होते. विद्यापीठांनी त्यांचे नाव घेतले, म्हणजे एका अर्थी ते कामही अंगावर घेतले.

ते काम विद्यापीठांनी किती केले आणि कसे केले, हा या लेखाचा विषय आहे. विद्यापीठातले संशोधन प्रवेश, फी, परीक्षा यांची अट न घालता सर्वसामान्य माणसांपुढे मांडायचे आणि त्यावर चर्चा होऊ द्यायची, या प्रथेला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो बहुतेक वेळा पुणे-मुंबईच्या दिवाणखान्यातून लिहिला जातो. इथे तो तेल्हाऱ्याहून पाहायचा आहे. तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण साधारण साठ किलोमीटरवर आणि विद्यापीठाचे अमरावती त्याहून कितीतरी लांब. माझ्यासारख्या ज्या माणसांचे शिक्षण वर्गात कमी आणि वाचनालयात, व्याख्यानांच्या मांडवात जास्त झाले, त्यांच्यासाठी हा इतिहास निव्वळ जिज्ञासेचा नाही.

विद्यापीठाच्याही आधी

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. सार्वजनिक व्याख्याने त्याच्या नऊ वर्षे आधी सुरू झाली होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या धुरीणांपैकी एक होते. इंग्रजीतले निबंध आणि इंग्रजीतली चर्चा शहरातल्या सामान्य माणसापर्यंत पोहोचत नाही, हे या तरुणांच्या लगेच ध्यानात आले. म्हणून त्यांनी मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा काढल्या. मराठी सभेचे पहिले अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. भूगोल, पदार्थविज्ञान, आरोग्य, लोकांच्या चालीरीती अशा विषयांवर मराठीतून निबंध वाचले जाऊ लागले आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. याच मंडळींनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी त्यांत स्वतः फुकट शिकवले. व्याख्यान देणे आणि शाळा चालवणे ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती.

यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा आणि वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोकांनी एकत्र बसावे, एखाद्या विषयाचे दोन्ही पक्ष ऐकावेत, असा तिचा साधा घाट होता. पुढे महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांनी हाच घाट उचलला. नाशिकची गोदाकाठची माला असो की आपल्या तालुक्यातली गणेशोत्सवातली तीन दिवसांची माला असो, वंशवृक्ष तोच.

विद्यापीठाने स्वतःच्या नावाने दिलेल्या व्याख्यानांचे चित्र मात्र वेगळे दिसते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ भाषाशास्त्रावरची व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिची पहिली सात व्याख्याने १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दिली. संस्कृतातून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि त्यांतून मराठी, हिंदी, गुजराती या भाषा कशा घडत आल्या, याचा तो पहिला मोठा शास्त्रीय आढावा होता. तो मांडला गेला इंग्रजीत आणि पुस्तकरूपाने आला १९१४ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. मराठी कुठून आली याचे त्या काळातले सर्वांत विश्वसनीय उत्तर तयार होते, पण ज्याची ती भाषा त्या माणसाला ते समजायचे असेल तर आधी इंग्रजी शिकावे लागत होते.

यात भांडारकरांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांची तुलना युरोपातल्या पंडितांशी होत होती आणि त्यांना उत्तरही त्यांच्याच भाषेत द्यायचे होते. पण पहिल्या काही दशकांतच दोन वाटा फुटल्या, हे लक्षात घ्यायला हवे. संशोधन जिथे होते तिथे श्रोता निवडक होता आणि जिथे श्रोत्यांची गर्दी होती तिथे संशोधन पातळ होत गेले.

रॉचडेलच्या भिंतीवरच्या आकृत्या

या दोन वाटा जोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजचा एक तरुण गणिती जेम्स स्टुअर्ट १८६७ साली लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल या शहरांत स्त्रियांसमोर खगोलशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. तरुण व्याख्यात्याने आणि तरुण स्त्रियांनी समोरासमोर प्रश्नोत्तरे करणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. म्हणून त्याने प्रश्न छापून वाटले आणि लेखी उत्तरे मागवली. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे पद्धत होऊन बसली.

दुसरी गोष्ट रॉचडेलची. विणकर-कामगारांनी १८४४ साली काढलेल्या सहकारी दुकानामुळे जगभर नाव झालेले हे गाव. तिथल्या कामगारांसमोर व्याख्यान देऊन स्टुअर्ट एकदा घाईने निघाला आणि भिंतीवर लावलेल्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच राहू द्या, असे त्याने सभागृहाच्या राखणदाराला सांगितले. पुढच्या वेळी तो आला तेव्हा राखणदाराने सांगितले की आकृत्या ठेवून गेलात हे फार बरे झाले. मधल्या आठवड्यात सभासदांनी त्या पाहून बरीच चर्चा केली, त्यांचे काही प्रश्न आहेत आणि आज ते व्याख्यानाच्या आधी येणार आहेत. वीस-तीस कारागीर अर्धा तास आधी येऊन बसले. ही आठवण स्टुअर्टने स्वतः लिहून ठेवली आहे. विद्यापीठाच्या विस्तारकार्यातला ‘वर्ग’ तिथे जन्मला, असे तो सांगतो. १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे हाती घेतले आणि पुढे ऑक्सफर्ड, लंडन त्याच वाटेने गेले.

मला या हकिकतीत महत्त्वाचा वाटतो तो अर्धा तास. व्याख्यान संपल्यावर ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारून आभारप्रदर्शनाकडे वळायचे, ही आपली नेहमीची रीत. रॉचडेलला ते उलटे घडले. प्रश्न आधी आले आणि ते एकेकट्याचे नव्हते; आठवडाभर आपसात बोलून तयार झालेले होते. वक्ता बोलायला उभा राहिला तेव्हा समोरच्यांना काय हवे आहे हे त्याला माहीत होते.

रॉचडेल हे लँकेशायरमधले सूतगिरण्यांचे गाव. स्टुअर्ट तिथे बोलत होता त्याच सुमाराला वऱ्हाडात आगगाडी येऊन पोहोचली होती आणि इथला कापूस मुंबईच्या बंदरातून लँकेशायरच्या वाटेला लागला होता. कापसाच्या गाठी तिकडे गेल्या. तो अर्धा तास इकडे यायला मात्र फार वेळ लागला.

वऱ्हाडातून विद्यापीठ किती लांब होते

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, पण विद्यापीठाच्या बाबतीत तो अनेक वर्षे परक्यांच्या दारात उभा राहिला. नागपूरचे मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. ते आधी कलकत्ता विद्यापीठाला आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेले होते. वऱ्हाडातला मुलगा कॉलेजात जायचा तर नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठायचा. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले आणि त्याच साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले, पुढचे विदर्भ महाविद्यालय. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १९२३ च्या जानेवारीत अमरावतीलाच झाली होती. एकाच वर्षातल्या या तीन घटना पाहिल्या म्हणजे इथल्या माणसांना ज्ञानाची किती निकड वाटत होती ते कळते.

विद्यापीठ नव्हते म्हणून संशोधन थांबले नव्हते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीचे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि ज्ञानकोशाच्या कामाचा आरंभ त्यांनी नागपुरातून केला. सरकारी किंवा विद्यापीठीय आधार नसताना, गावोगाव हिंडून, भागधारक आणि वर्गणीदार जमवून त्यांनी तेवीस खंड पुरे केले. वर्गणीदार मिळवण्यासाठी त्यांनी केलेली भ्रमंती हीही एका परीने चालतीबोलती व्याख्यानमालाच होती. ज्ञानकोश म्हणजे काय आणि तो मराठीत कशाला हवा, हे प्रत्येक गावी नव्याने पटवून द्यावे लागत होते.

यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांनी महानुभावांच्या हस्तलिखितांचा शोध घेतला, जुने कागद जमवले. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेल्या दानाचा तो लेख. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो वाचून इतिहास परिषदेपुढे मांडला. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा या ताम्रपटामुळे स्पष्ट झाली आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखाकडे विद्वानांना नव्याने पाहावे लागले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुढे वाकाटकांच्या इतिहासाची जी भक्कम मांडणी केली, तिच्या पायात हा वाशीमचा दगड आहे.

मिराशी नागपूरला प्राध्यापक होते आणि काही काळ अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. कोरीव लेखांवरचे त्यांचे मोठे खंड इंग्रजीत आहेत. पण त्यांनी आपले शोध मराठीतही लिहिले. ‘संशोधन-मुक्तावलि’ हा त्यांच्या लेखांचा संग्रह अनेक भागांत निघाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यांचे हयातीचे काम महानुभाव वाङ्मयावरचे, मराठीतले. या दोघांमुळे विदर्भात एक गोष्ट सिद्ध झाली: संशोधनाचा कस न घालवता ते मराठीत मांडता येते. शिवाय ताम्रपट, पोथी, शिलालेख या वस्तू कुणाच्या तरी घरात, वावरात, मठात असतात. त्या ओळखणारा, जपणारा आणि पुढे आणणारा माणूस गावातलाच असावा लागतो. आपल्या हातातल्या तांब्याच्या पत्र्याला मोल आहे हे त्याला कळण्यासाठी कुणीतरी कधीतरी त्याच्या गावात येऊन बोललेले असावे लागते. सार्वजनिक व्याख्यानाचा लाभ विद्यापीठालाही होतो, तो असा.

बहिःशाल

स्वातंत्र्यानंतर मराठीला एक नवा शब्द मिळाला: बहिःशाल शिक्षण. शाळेच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, भिंतींबाहेरचे शिक्षण. मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी त्यासाठी मंडळे नेमली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची आणि पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला या मंडळामार्फत निरनिराळ्या महाविद्यालयांत, तालुक्याच्या गावांत होऊ लागली. विद्यापीठ वक्त्यांची आणि विषयांची यादी करी, स्थानिक महाविद्यालय किंवा वाचनालय सभागृह देई, आणि एस.टी.तून उतरलेला प्राध्यापक तीन दिवस तीन विषयांवर बोले. लहान गावांतल्या कित्येकांनी अणुशक्ती, भारतीय राज्यघटना, दलित साहित्य या विषयांवरचे पहिले नीट मांडलेले विवेचन अशाच सभांत ऐकले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग ठरवले. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले ते या धोरणानंतर. म्हणजे वऱ्हाडाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेव्हा लोकांपर्यंत जाणे हा त्याच्या जन्मजात कर्तव्यांचा भाग होता.

तरीही पुढच्या काळात बहिःशाल हा शब्द मागे पडला. त्याच्या जागी प्रौढ शिक्षण आले, मग निरंतर शिक्षण, मग आजीवन अध्ययन. प्रत्येक नावाबरोबर नवी उद्दिष्टे आली, अभ्यासक्रम आले, प्रमाणपत्रे आली. ही कामे उपयोगी आहेत, यात शंका नाही. पण प्रमाणपत्र घेणारा विद्यार्थी असतो आणि व्याख्यान ऐकायला येणारा नागरिक असतो. नागरिकाची मोजदाद करणे अवघड असल्यामुळे अहवालांतून तो हळूहळू दिसेनासा झाला. तालुक्यात व्याख्यानमाला उरल्या, पण त्यांतले वक्ते बहुतेक प्रेरणादायी बोलणारे, हास्यकवी किंवा दूरदर्शनवरचे चेहरे. गर्दी होते, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन त्या विषयाचे पुस्तक मागणारा सहसा कुणी नसतो.

बांधावरचे विद्यापीठ

एका विद्यापीठाकडे मात्र ‘काहून?’ असे विचारणारा श्रोता पहिल्यापासून होता. अकोल्याचे कृषी विद्यापीठ लोकांनी मागून घेतलेले आहे. राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला होणार असे दिसताच १९६७ मध्ये विदर्भात आंदोलन पेटले. अकोल्याने गोळीबार पाहिला, माणसे गेली. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठासाठी प्राण गेल्याची उदाहरणे आपल्या देशात फार नाहीत.

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे कृषी विद्यापीठाच्या रचनेतच आहेत. अकोल्याची शिवारफेरी हे त्याचे उत्तम उदाहरण. खरिपाची पिके उभी असताना विदर्भभरातले शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर येतात, वाफ्यावाफ्याने हिंडतात आणि शास्त्रज्ञ प्रत्येक वाफ्यापाशी उभे राहून सांगतात. मांडव नाही, हारतुरे नाहीत. समोर पीक असते आणि ज्याने आयुष्यभर तेच पीक घेतले आहे तो माणूस वक्त्याला अडवून विचारतो, ‘आमच्याकडे असं का होत नाही?’ एकोणिसाव्या शतकातल्या आकृत्यांचे काम इथे कपाशीचे झाड करते. पीकेव्ही हायब्रीड-२ सारखे कपाशीचे संकरित वाण एकेकाळी वऱ्हाडाच्या घराघरात पोहोचले, त्यात संशोधनाबरोबर अशा बोलण्याचाही वाटा आहे.

पण शिवारफेरीला जाणारा शेतकरी अकोल्याला जाऊ शकणारा असतो. जे तिथे पोहोचत नाहीत त्यांच्यापर्यंत ज्ञान वेळेवर गेले नाही तर काय होते, हे २०१७ ने दाखवले. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली आणि तिची दुसरी पिढी २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावत चालली आहे असे इशारे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ च्या आधीच दिले होते. कारणेही माहीत होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळे. ती कडेच्या ओळींत पेरायची, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्याही शिल्लक राहतात आणि सरावलेल्यांची संतती पातळ होत जाते. ही पुडी अनेकांनी बांधावर फेकली, कारण ती कशासाठी हे कुणी नीट सांगितलेच नव्हते. ओलिताची सोय असलेल्यांनी फरदड घेतली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी राहिली आणि अळीला वर्षभर घर मिळाले. वानच्या पाण्यावर भिजणाऱ्या आमच्या भागाला फरदडीचा मोह काही नवा नाही. २०१७ मध्ये डोमकळ्या दिसल्या तेव्हा उशीर झाला होता. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. प्रतिकारशक्तीचे शास्त्र नियतकालिकांत छापले गेले होते. पुडीचा अर्थ मात्र गावात पोहोचला नव्हता.

दोन वर्षांनी, १० जून २०१९ रोजी, शेजारच्या अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकरी जमले आणि परवानगी नसलेले, तणनाशक सहन करणारे एचटीबीटी बियाणे जाहीरपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे ठाऊक असताना पेरले. या कृतीविषयी मतभेद आहेत आणि असायलाही हवेत. निंदणाचा खर्च, मजुरांची टंचाई, तणनाशकाचे परिणाम, बियाण्यावरची मालकी, शेतकऱ्याचे निवडीचे स्वातंत्र्य या प्रत्येक मुद्द्याला दोन बाजू आहेत. पण जनुकीय तंत्रज्ञानावरची अलीकडच्या काळातली वऱ्हाडातली सर्वांत मोठी जाहीर चर्चा एका वावरात झाली आणि ती कुठल्याही विद्यापीठाने भरवलेली नव्हती. लोकांना विज्ञानाच्या वादात रस नाही, असे यानंतर कुणी म्हणू नये.

तेल्हाऱ्याचे प्रश्न

तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेला पूर्णेचे खोरे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, खोल. पण खालचे पाणी खारे. ते पिकाला दिले तर मातीत सोडियम वाढतो, माती चिकट होते, निचरा थांबतो. त्यामुळे विहीर असूनही शेती कोरडवाहू. जिप्सम, हिरवळीची खते, सरी-वरंबे, शेततळी यांवर अकोल्याला वर्षानुवर्षे काम झाले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी वान धरणातून अकोट-तेल्हारा भागासाठी ८४ खेडी योजना आली. या पट्ट्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण वाढले असे लोक बोलतात आणि दोष पाण्याला देतात. हे खरे किती, त्यात पाण्याचा वाटा किती आणि वेदनाशामक गोळ्यांचा, उन्हातल्या कामाचा किंवा मधुमेहाचा किती, हे सांगणे वैद्यकीय संशोधनाचे काम आहे. ते संशोधन जेव्हा जेव्हा होईल तेव्हा त्याचा निष्कर्ष आधी त्या गावाच्या चावडीवर मराठीत वाचला जायला हवा. रक्त तपासायला दिलेल्या माणसाचा त्यावर पहिला हक्क आहे.

वानच्या पाण्याचेही तसेच. ते सिंचनाचे की शहरांच्या नळाचे, यावरून तालुक्यात आंदोलने झाली. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. धरणात किती पाणी येते, किती गाळाने आणि बाष्पीभवनाने जाते, किती कालव्यात मुरते, किती कशासाठी राखलेले आहे, हा हिशेब एखाद्या अभ्यासकाने फळ्यावर मांडला असता तर मोर्चा निघायचा थांबला नसता कदाचित, पण दोन्ही बाजूंच्या हातात तेच आकडे राहिले असते. लोकशाहीत भांडण व्हावे. ते निदान सारख्या माहितीवर व्हावे.

गाडगे बाबांची रीत

आता सुरुवातीच्या नावांकडे वळू. गाडगे बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याचे, म्हणजे पूर्णेच्या याच खोऱ्यातले. १९५६ च्या नोव्हेंबरात, देहावसानाच्या थोडे आधी, वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे आणि आजही ऐकायला मिळते. ते ऐकताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बाबा सांगतात कमी आणि विचारतात जास्त. प्रश्न सोपा, वऱ्हाडी, रोजच्या व्यवहारातला. समुदाय उत्तर देतो. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येतो. असे करत करत देवाच्या नावाने होणारा खर्च, कर्ज, पोरांचे शिक्षण, अस्वच्छता यांवरचा निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडतो. सॉक्रेटिसाची पद्धत म्हणून तत्त्वज्ञानाच्या वर्गात जी शिकवली जाते ती हीच. अमरावती विद्यापीठाने नाव घेतले ते या रीतीच्या माणसाचे.

रॉचडेलचे कारागीर आणि गाडगे बाबांचा समुदाय यांत हे साम्य आहे: दोन्हीकडे बोलणे श्रोत्याच्या प्रश्नापासून सुरू होते. सार्वजनिक व्याख्यानांच्या इतिहासात जिथे जिथे हे घडले तिथे ती रुजली. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी श्रोत्याची भाषा पकडली, शिवारफेरीने त्याचे पीक पकडले. जिथे विषय वक्त्याच्या सोयीने ठरला तिथे व्याख्यान हा सत्काराचा एक प्रकार होऊन बसला.

यासाठी मोठा निधी लागत नाही. तालुक्यात महाविद्यालय आहे, वाचनालये आहेत, कृषी सेवा केंद्रे आणि ग्रामपंचायती आहेत. व्याख्यानाच्या पंधरा दिवस आधी या चार ठिकाणी एकेक वही ठेवावी. ज्याला जे विचारायचे ते त्याने लिहावे; लिहिता येत नसेल त्याचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. वही वक्त्याकडे आधी पोहोचावी. व्याख्यान मराठीत व्हावे, नकाशे आणि तक्ते आठवडाभर भिंतीवर राहावेत आणि तोच वक्ता महिन्याभराने दुसऱ्यांदा यावा. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ज्या गावी म्हाइंभटाने साक्षीदारांकडून एकेक लीळा पडताळून लीळाचरित्र सिद्ध केले, त्या गावच्या विद्यापीठाला विचारत हिंडण्याची परंपरा बाहेरून आणावी लागणार नाही. त्याने, अमरावतीने आणि अकोल्याने मिळून वऱ्हाडातल्या तालुक्यांची वाटणी करून घेतली तरी पाच वर्षांत चित्र बदलेल.

तेल्हाऱ्याच्या वहीतले पहिले प्रश्न सांगायला कुणा पंडिताची गरज नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात नेमके काय आहे? वानचे पाणी कुठे किती जाते? बोंडअळी पुन्हा का येते? गावातल्या इतक्या माणसांना डायलिसिस का लागते? जुनी पोथी घरात सापडली तर ती कुणाला दाखवायची? हे प्रश्न ओट्यावर, पानठेल्यावर, दवाखान्याच्या रांगेत रोज विचारले जातात. ते कागदावर उतरून घ्यायला विद्यापीठाने अर्धा तास आधी यावे, एवढेच मागणे आहे.